मुंबईच्या घरात मॉडेल रेल्वे : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

मुलुंडच्या माझ्या दिवाणखान्यात एका भिंतीलगत ३ मीटर २० सेंटीमीटर लांब आणि ४० सेंटीमीटर रुंद अशा फळीवर एक छोटी रेल्वे आहे. तिचा विषय एकच आहे : १९८० च्या दशकातील कर्जत स्थानक, आणि घाट चढण्यापूर्वी गाडीच्या मागे लागून तिला ढकलणारे बँकर इंजिन. ती पाहायला येणारे, तसेच हा छंद सुरू करू पाहणारे लोक जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते येथे क्रमाने घेतले आहेत. सुरुवातीचे प्रश्न नवख्यांसाठी आहेत आणि पुढचे काहीसे अवघड आहेत. एखाद्या गोष्टीचा खुलासा दुसऱ्या उत्तरात केलेला असेल तेथे त्या प्रश्नाचा क्रमांक दिला आहे.

१. खेळण्यातली आगगाडी आणि मॉडेल रेल्वे यांत फरक काय?

मॉडेल रेल्वेत प्रत्येक वस्तू खऱ्या वस्तूच्या एका ठरावीक प्रमाणात लहान केलेली असते. इंजिन, फलाट, सिग्नल आणि फलाटावरचा हमाल या सर्वांना तेच प्रमाण लागू होते. खेळण्यात असे बंधन नसते. दुसरा फरक मला अधिक महत्त्वाचा वाटतो : मॉडेलमधली गाडी कोठून तरी येते, काही काम करते आणि कोठे तरी जाते. नुसत्या वर्तुळात फिरणारी अत्यंत महागडी गाडीसुद्धा महिन्याभरात कपाटावर जाऊन बसते, हे मी अनेक घरांत पाहिले आहे.

२. स्केल आणि गेज हे एकच का?

नाही. स्केल म्हणजे प्रमाण आणि गेज म्हणजे दोन रुळांमधले अंतर. एचओ स्केल १:८७ आहे आणि त्याचे गेज १६.५ मिलिमीटर आहे. एन स्केल युरोप-अमेरिकेत १:१६०, ब्रिटनमध्ये १:१४८ आणि जपानमध्ये बहुतांशी १:१५० आहे, परंतु तिन्हींचे गेज ९ मिलिमीटरच असते. ब्रिटिश ओओ स्केल १:७६ असूनही त्याची गाडी एचओच्याच १६.५ मिलिमीटर रुळांवर धावते. त्यामुळे ओओचे इंजिन एचओच्या डब्यांना जोडता येते, पण ते शेजारी उभे राहिले की बेढब मोठे दिसते. खरेदी करताना खोक्यावर गेज आणि प्रमाण दोन्ही वाचावे.

३. आमचे घर दोन खोल्यांचे आहे. एचओ घ्यावे की एन?

हा प्रश्न सर्वांत जास्त वेळा येतो आणि त्याचे उत्तर जागेपेक्षा वळणांत दडलेले आहे. तयार मिळणाऱ्या एचओ रुळांची वळणे साधारणपणे ३७ ते ५० सेंटीमीटर त्रिज्येची असतात. म्हणजे गोल पूर्ण करायचा तर साधारण एक ते सव्वा मीटर रुंदीचे टेबल लागते, आणि ते मुंबईच्या घरात कायमचे मांडून ठेवणे जवळजवळ अशक्य असते. एन स्केलमध्ये २५ ते ३० सेंटीमीटर त्रिज्येची वळणे चालतात, त्यामुळे दरवाजाच्या फळीएवढ्या जागेत पूर्ण गोल बसतो. आपल्याला गाडी अखंड धावताना पाहायची असेल, तर एन घ्यावे आणि मागे वळून पाहू नये.

पण गोल हवाच कशाला, असा माझा उलट प्रश्न असतो. आपल्या घरांत रुंदी नसते, पण एक लांब भिंत मात्र असते. त्या भिंतीवर ३० ते ४० सेंटीमीटर रुंदीची फळी बसवली की एचओमध्ये एक स्थानक सहज मांडता येते. त्याच्या एका टोकाला पडद्याआड दोन-तीन रुळांचे यार्ड ठेवावे. गाडी यार्डातून येते, फलाटाला लागते, इंजिन बदलते आणि परत जाते. माझी कर्जतची फळी अशीच आहे. तिच्यावर इंजिन, चार डबे आणि मागचा बँकर अशी साधारण दीड मीटरची गाडी मावते, आणि एक फेरी नीट पार पाडायला वीस मिनिटे लागतात. फळी जमिनीपासून सव्वा मीटर उंचीवर बसवावी : खाली सोफा राहतो आणि गाडी डोळ्यांच्या पातळीवर येते. या उंचीचा आणखी एक फायदा प्रश्न ४ मध्ये सांगितला आहे.

४. भारतीय रेल्वे ब्रॉडगेज आहे. मग एचओचे रूळ तिच्यासाठी अरुंद नाहीत का?

आहेत, आणि ही शंका ज्याला येते त्याची नजर चांगली आहे असे मी समजतो. भारतीय ब्रॉडगेज १६७६ मिलिमीटर आहे. त्याला ८७ ने भागल्यास १९.२६ मिलिमीटर येतात. एचओचे १६.५ मिलिमीटर हे १४३५ मिलिमीटरच्या स्टँडर्ड गेजचे रूप आहे. म्हणजे आपले रूळ पावणेतीन मिलिमीटरने अरुंद पडतात. त्यातच मुंबईच्या लोकलचा डबा ३.६६ मीटर रुंद असल्याने एचओमध्ये तो ४२ मिलिमीटर होतो, आणि अरुंद रुळांवर रुंद डबा समोरून पाहिल्यास डोक्याने जड वाटतो.

यावर दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे १९.३ मिलिमीटर गेजचे रूळ स्वतः हाताने घालणे आणि प्रत्येक इंजिनाचे व डब्याचे आस त्याप्रमाणे रुंद करणे. ज्याला एकच स्थानक, दोन सांधे (गाडीला एका मार्गावरून दुसऱ्यावर नेणारे रूळ) आणि तीन इंजिने करायची आहेत, त्याने हा मार्ग जरूर विचारात घ्यावा. दुसरा मार्ग म्हणजे १६.५ मिलिमीटर मान्य करणे. स्पेनचे रूळसुद्धा १६६८ मिलिमीटरचे आहेत आणि स्पॅनिश गाड्यांची तयार एचओ मॉडेले १६.५ मिलिमीटरवरच धावतात, त्यामुळे ही तडजोड आपण एकटेच करत नाही. मी दुसरा मार्ग घेतला. गाडी डोळ्यांच्या पातळीवर बाजूने पाहिली तर गेज जाणवत नाही, म्हणूनच फळीची उंची महत्त्वाची ठरते. मात्र स्लीपरांचे, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्यांचे, अंतर मी बदलले. भारतीय मुख्य मार्गांवर किलोमीटरला १६६० स्लीपर असतात, म्हणजे दोन स्लीपरांत सुमारे ६० सेंटीमीटर अंतर असते, आणि एचओमध्ये ते जवळपास ७ मिलिमीटर होते. लवचीक रुळाच्या खालचे प्लास्टिकचे दुवे कापून स्लीपर त्या अंतरावर सरकवले की रूळ एकदम ओळखीचा वाटू लागतो.

५. सुरुवातीला काय विकत घ्यावे?

एक चांगले इंजिन, दोन-तीन डबे, एक विश्वासार्ह कंट्रोलर (रुळांना वीज देऊन गाडीचा वेग ठरवणारे यंत्र), तीन मीटर लवचीक रूळ आणि दोन सांधे एवढे पुरते. दहा इंजिनांच्या मोहात पडू नये. स्वस्त इंजिनात सर्व चाकांना वीज पोहोचत नाही आणि ते सांध्यावर थांबते. प्रत्येक सांध्यावर बोटाने ढकलावे लागणारे इंजिन नवख्या माणसाचा उत्साह सर्वांत लवकर मारते. रूळ निकेल सिल्व्हरचेच घ्यावेत. नावात चांदी असली तरी हा तांबे, निकेल आणि जस्त यांचा मिश्रधातू आहे. जुन्या संचांतले पोलादी रूळ मुंबईच्या हवेत एका पावसाळ्यात गंजतात.

६. सामान मुंबईत कोठे मिळते?

इंजिने, डबे आणि रूळ बहुधा परदेशातूनच मागवावे लागतात (प्रश्न ७ पहा). बाकी सर्व मुंबईत मिळते, आणि ते शोधत फिरणे हा या छंदाचा मोठा आनंद आहे. वायर आणि स्विच लोहार चाळीत, दिवे, रेझिस्टर आणि सर्किटचे सामान लॅमिंग्टन रोडला, बारीक ड्रिल, कानशी आणि स्क्रू नागदेवी स्ट्रीटला मिळतात. इमारतींसाठी सनबोर्ड आणि पॉलिस्टायरीन शीट स्टेशनरीच्या मोठ्या दुकानांत असते. जमिनीसाठी चाळलेली माती, वाळवलेली चहापूड आणि रंगवलेला लाकडाचा भुसा यांची बरोबरी कोणतेही आयात पाकीट करत नाही, कारण कर्जतच्या मातीचा तांबूस रंग पाकिटात नसतो.

७. परदेशातून मागवल्यास जकात किती लागते?

प्रमाणबद्ध मॉडेले जकातीच्या वर्गवारीत खेळण्यांच्याच शीर्षकाखाली येतात. खेळण्यांवरील मूळ सीमाशुल्क २०२० च्या अर्थसंकल्पात २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के करण्यात आले, आणि त्यावर इतर कर वेगळे असतात. हे दर अर्थसंकल्पागणिक बदलू शकतात, म्हणून ऑर्डर देण्याच्या दिवशी चालू दर पाहूनच हिशेब करावा. शिवाय १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना भारतीय मानक ब्युरोचे चिन्ह सक्तीचे झाले आहे. बहुतेक नामांकित मॉडेलांच्या खोक्यावर ते १४ वर्षांवरील व्यक्तींसाठी असल्याचे छापलेले असते. त्या छापाचा फोटो, मूळ बिल आणि वस्तूचे स्पष्ट वर्णन जवळ ठेवावे. माझे एक पार्सल केवळ बिलावर ‘खेळणी’ असा मोघम शब्द असल्यामुळे अडकून पडले होते.

८. जपानहून आणलेला कंट्रोलर थेट लावला तर चालेल का?

कृपया लावू नका. जपानमध्ये घरगुती वीज १०० व्होल्टची आणि अमेरिकेत १२० व्होल्टची असते, तर आपल्याकडे ती २३० व्होल्टची आहे. पिन बदलणारा साधा अडॅप्टर व्होल्टेज बदलत नाही. माझा पहिला आयात कंट्रोलर मी याच समजुतीने लावला, आणि धूर निघून तो दोन सेकंदांत निकामी झाला. कंट्रोलरच्या पाठीवर १०० ते २४० व्होल्ट असे छापले असेल तरच तो थेट लावावा. एरवी लॅमिंग्टन रोडवरून पुरेशा क्षमतेचा स्टेप-डाउन ट्रान्सफॉर्मर घ्यावा.

९. साधी डीसी पद्धत बरी की डीसीसी?

साध्या डीसी पद्धतीत रुळांतला व्होल्टेज शून्य ते १२ व्होल्टपर्यंत कमीजास्त करून वेग बदलतात, त्यामुळे त्या रुळावरचे प्रत्येक इंजिन एकदमच चालते. डीसीसीमध्ये (डिजिटल कमांड कंट्रोल) रुळांवर व्होल्टेज कायम असते आणि इंजिनातला डिकोडर, म्हणजे एक छोटे सर्किट, आपल्या क्रमांकाला आलेला हुकूम तेवढा ऐकतो. नवीन डिकोडरचा क्रमांक बहुधा ३ असतो, म्हणून दुसरे इंजिन येताच आधी त्याचा क्रमांक बदलावा.

एकच इंजिन चालवायचे असेल तर डीसी पुरेसे आहे. एका गाडीला दोन इंजिने लावायची असतील, म्हणजेच बँकर हवा असेल, तर डीसीसीला पर्याय नाही असे माझे मत आहे (प्रश्न १२ पहा). एक इशारा द्यायला हवा : काही डीसीसी यंत्रणा डिकोडर नसलेले जुने इंजिनही चालवतात, पण त्यात मोटर उभ्या जागी तापते आणि कोअरलेस (लोखंडी गाभा नसलेली) मोटर असलेले इंजिन जळूही शकते.

१०. पावसाळ्यात रूळ काळे पडतात आणि गाडी अडखळते. काय करावे?

मुंबईत या छंदाचा खरा शत्रू दमटपणा आहे. जुलै-ऑगस्टमध्ये हवेतील आर्द्रता सतत ८० टक्क्यांच्या वर असते आणि किनाऱ्याच्या बाजूला तिच्यात खाराही असतो. रुळांवर काळपट थर जमतो, चाकांवर तो गोळा होतो आणि वीज तुटक पोहोचते. तो थर आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या सुती कापडाने पुसावा. सँडपेपर कधीही वापरू नये, कारण त्याच्या ओरखड्यांत मळ दुप्पट वेगाने बसतो. रुळांइतकीच चाके पुसणे आवश्यक आहे, आणि बहुतेकांकडून नेमके तेच राहते.

दुसरी गोष्ट जोडपट्ट्यांची. दोन रुळांना जोडणाऱ्या छोट्या धातूच्या पट्ट्या पहिल्या वर्षी वीज नीट नेतात आणि दुसऱ्या पावसाळ्यात नेत नाहीत. म्हणून रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर सोल्डर करावी आणि त्या सर्व वायरी फळीखालून जाणाऱ्या दीड चौरस मिलिमीटरच्या दोन मुख्य वायरींना जोडाव्यात. हे काम कंटाळवाणे असले तरी माझ्याकडच्या तीन चतुर्थांश तक्रारी त्यानेच मिटल्या.

तिसरी गोष्ट फळीची. माझी पहिली फळी साध्या कमर्शियल प्लायची होती. तिने जुलैत पोट काढले, आणि पुढच्या मे महिन्यात लाकूड आकसल्यावर रूळ सापासारखे वळले. आता मी मरीन प्लाय घेतो, त्याच्या सहाही बाजूंना रंग किंवा वॉर्निश लावतो (कापलेल्या कडा तर दोनदा) आणि रुळांच्या जोडांत दर मीटरला अर्धा मिलिमीटर फट सोडतो. खडी चिकटवण्यासाठी फेव्हिकॉल निम्म्या पाण्यात पातळ करून त्यात भांड्यांच्या साबणाचा एक थेंब टाकावा, म्हणजे ते खडीत झिरपते. मात्र हे काम ऑक्टोबर ते मे या काळातच करावे, कारण पावसाळ्यात ते वाळण्याआधी त्याला बुरशी येते. इंजिने हवाबंद डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांसह ठेवावीत. पुडीतले निळे दाणे गुलाबी झाले की ते मंद आचेवर तापवून पुन्हा वापरता येतात.

११. भारतीय इंजिने तयार मिळत नाहीत. घरी कशी बनवावीत?

चालणारा पाया विकत घ्यावा आणि त्यावरचे शरीर स्वतः करावे. उदाहरण म्हणून माझे डब्ल्यूसीजी-२ हे विजेचे इंजिन घेऊ. चित्तरंजनच्या इंजिन कारखान्यात १९७० च्या दशकात अशी ५७ इंजिने बांधली गेली आणि त्यांनी घाटात बँकर म्हणून काम केले. त्याला सहा-सहा चाकांच्या दोन बोगी (बोगी म्हणजे येथे डबा नव्हे, तर खालचा चाकांचा गाडा) असतात, त्यामुळे तशाच दोन बोगींचे, बोगींमधले अंतर जुळणारे कोणतेही परदेशी एचओ इंजिन पाया म्हणून चालते. चाकांचा व्यास एखादा मिलिमीटर इकडेतिकडे असला तरी बिघडत नाही, बोगींमधले अंतर मात्र जुळायला हवे.

एचओमध्ये खऱ्या एक मीटरला साडेअकरा मिलिमीटर असे धरून आराखडा काढावा. बाजूंसाठी एक मिलिमीटर आणि वरच्या पट्ट्यांसाठी अर्धा मिलिमीटर जाडीची पॉलिस्टायरीन शीट वापरावी. खिडक्या आणि जाळ्या शीट सपाट असतानाच कापाव्यात, कारण खोका जोडल्यानंतर सुरी आत जात नाही. छताची गोलाई कानशीने काढावी आणि फटी मोटारींच्या पुट्टीने भराव्यात. राखाडी प्रायमर मारल्याशिवाय आपल्या चुका दिसत नाहीत, म्हणून प्रायमर हा रंगाचा पहिला हात न समजता तपासणी समजावी. ‘मध्य रेल’ ही अक्षरे पाण्यात सुटणाऱ्या डेकल कागदावर छापून लावता येतात. थ्रीडी छपाई करून घेणेही आता सोपे झाले आहे, परंतु तिच्या थरांच्या रेघा घासून काढाव्या लागतात, आणि सपाट बाजूंच्या इंजिनाला शीटच अधिक स्वच्छ दिसते.

डब्यांबाबत एकच गोष्ट सांगतो. आयसीएफचा (जुन्या पद्धतीचा) डबा एचओमध्ये साडेचोवीस सेंटीमीटर लांब होतो आणि एलएचबीचा (नव्या पद्धतीचा) सत्तावीस. घरी बनवलेले डबे हलके राहतात आणि रुळावरून घसरतात. अमेरिकेतील मॉडेल रेल्वेकारांच्या एनएमआरए या संघटनेच्या शिफारशीप्रमाणे साडेचोवीस सेंटीमीटरच्या डब्याचे वजन सुमारे १६५ ग्रॅम असावे. ते जमिनीलगत, बोगींच्या वर शिशाचे तुकडे चिकटवून भरावे.

१२. मला खंडाळ्याचा घाट दाखवायचा आहे. चढ किती ठेवावा?

भोर घाटाचा, म्हणजेच खंडाळ्याच्या घाटाचा, चढ १:३७ आहे, म्हणजे सुमारे २.७ टक्के. हा चढ एचओमध्ये तसाच ठेवता येतो. अडचण लांबीची आहे. एका रुळावरून दुसरा रूळ न्यायचा तर किमान ७५ मिलिमीटर उंची गाठावी लागते, आणि १:३७ च्या चढाला त्यासाठी पावणेतीन मीटर लागतात, शिवाय उतरायला तेवढेच. त्यात अरुंद वळण आले की गाडीला अधिक जोर लागतो. भारतीय ब्रॉडगेजवर सर्वांत तीव्र वळण दहा अंशांचे, म्हणजे १७५ मीटर त्रिज्येचे असते. एचओमध्ये ते दोन मीटर त्रिज्येचे होईल. आपण मात्र अर्ध्या मीटरच्या वळणावर लांब गाडी चढवू पाहतो आणि मधले डबे आतल्या बाजूला कलंडतात.

म्हणून माझा आग्रह असा असतो की, घाट दाखवायचा असेल तर घाटाचा पायथा दाखवावा. माझे आजोळ कर्जतचे. सुट्टीत मामा मला संध्याकाळी फलाटाच्या कल्याणकडील टोकाला घेऊन जात. पुण्याची गाडी येऊन थांबे, लोक बटाटेवडे घ्यायला उतरत, आणि त्या गडबडीत मागून बँकर अगदी हळू येऊन शेवटच्या डब्याला टेकत असे. आपण गाडीत बसलेलो असलो तर एक छोटा हिसका जाणवे. मामा म्हणत, ‘ढकलणारा आला, आता निघू.’ पुढच्या इंजिनाची शिट्टी होई, मागचे इंजिन तिला उत्तर देई, आणि गाडी दोन्ही टोकांना एकाच वेळी हलल्यासारखी निघे. माझ्या दृष्टीने भोर घाट त्या हिसक्यात आहे. तो दाखवायला बोगदे आणि डोंगर लागत नाहीत, एक सपाट फलाट पुरतो.

तांत्रिक बाजू अशी : पुढचे आणि मागचे इंजिन एकाच वेगाने चालले नाही तर मधला हलका डबा उचलला जातो. डीसीसीमध्ये दोन्ही डिकोडरांचे वेग टप्प्याटप्प्याने जुळवून घ्यावेत, आणि मागचे इंजिन किंचित मंद ठेवावे, म्हणजे ते ढकलते पण गाडीला दुमडत नाही. डब्यांच्या वजनासाठी प्रश्न ११ पहा.

१३. माथेरानची गाडी कोणत्या स्केलमध्ये करावी?

अपवाद म्हणून हा प्रश्न मला फार आवडतो, कारण येथे लहान जागा आपल्या बाजूने उभी राहते. १९०७ मध्ये सुरू झालेल्या नेरळ-माथेरान मार्गाचे गेज ६१० मिलिमीटर आहे. ओओ-९ या पद्धतीत १:७६ प्रमाणाची गाडी एनच्या ९ मिलिमीटर रुळांवर चालते. ते ९ मिलिमीटर प्रत्यक्षात ६८४ मिलिमीटर दाखवतात, म्हणजे थोडे रुंद, पण नजरेला मान्य. आता वळणे पाहा : या मार्गावरील सर्वांत तीव्र वळणे सुमारे १८ मीटर त्रिज्येची आहेत. १:७६ मध्ये ती २४ सेंटीमीटर होतात, आणि तेवढ्या वळणाचे रूळ तयार मिळतात. म्हणजे ब्रॉडगेजमध्ये जी वळणे आपण नाइलाजाने घेतो, ती येथे अगदी खरी ठरतात. चढ १:२० आहे, म्हणजे ५ टक्के, त्यामुळे दोन-तीन डब्यांपेक्षा जास्त लावू नयेत. ज्यांच्याकडे केवळ एक मीटर जागा आहे आणि डोंगर दाखवण्याची हौस आहे, त्यांना मी नेहमी हाच मार्ग सुचवतो.

१४. बारा डब्यांची लोकल करता येईल का? वरच्या तारेतून वीज द्यावी का?

बारा डब्यांची लोकल सुमारे २५० मीटर लांब असते. एचओमध्ये ती जवळपास २ मीटर ८७ सेंटीमीटर होते आणि एनमध्ये १ मीटर ५६ सेंटीमीटर. पूर्ण लोकल हा एन घेण्याचा सर्वांत चांगला हेतू आहे. एचओमध्ये चार डबे करावेत, पण दोन्ही टोकांना मोटरमनची केबिन, पहिल्या वर्गाचे आणि महिलांच्या डब्याचे तिरके पट्टे आणि उघडी दारे चुकवू नयेत, कारण लोकल तिच्या दारांवरून ओळखली जाते.

तारेतून वीज देऊ नये. पँटोग्राफ (तारेला टेकणारा छतावरचा सांगाडा) तारेच्या एक मिलिमीटर खाली अडकवून ठेवावा आणि वीज रुळांतूनच घ्यावी. रुळांपासून तार खऱ्या मार्गावर साधारण ५.६ मीटर उंचीवर असते, म्हणजे एचओमध्ये ६४ मिलिमीटर. खांब आधी आणि तार सर्वांत शेवटी बसवावी, नाहीतर रूळ पुसताना दर वेळी हात तारेत अडकतो.

१५. स्विस क्रोकोडाइलचे मॉडेल रंगवले तर खेकडा इंजिन होईल का?

होणार नाही, जरी दोघांचे घराणे एकच असले तरी. क्रोकोडाइल हे स्वित्झर्लंडच्या गॉटहार्ड मार्गावरचे आणि खेकडा हे आपल्याकडचे जुने विजेचे इंजिन. जीआयपी रेल्वेची (मध्य रेल्वेच्या पूर्वीच्या कंपनीची) ईएफ/१, म्हणजे नंतरची डब्ल्यूसीजी-१ इंजिने १९२८ पासून आली, आणि ती ४१ होती. सुरुवातीची स्वित्झर्लंडमध्ये विंटरथूर येथे आणि बाकीची इंग्लंडमध्ये बांधली गेली. त्यांनाच खेकडा हे नाव पडले. गॉटहार्डच्या क्रोकोडाइलला प्रत्येक टोकाला चालक चाकांच्या पुढे एक लहान आधारचाक असते आणि खेकड्याला ते नसते. मधली केबिन, नाकाडांची उंची आणि रुंदी हे सर्वही वेगळे आहे. यंत्रणा वापरता येते, शरीर मात्र नवे करावे लागते. ते करण्यापूर्वी वरळीच्या नेहरू विज्ञान केंद्राच्या आवारात उभा असलेला खेकडा तासभर सर्व बाजूंनी पाहून यावा. तयार मॉडेल रेल्वे पाहायची असेल तर पुण्याला कोथरूडमध्ये भाऊ जोशी यांनी उभारलेले आणि १९९८ पासून खुले असलेले लघुरेल्वे संग्रहालय पाहावे.

१६. चोर बाजारात जुनी हॉर्नबी मिळाली. ती माझ्या रुळांवर चालेल का?

रुळांच्या मध्ये तिसरा रूळ असेल तर चालणार नाही. हॉर्नबी या ब्रिटिश कंपनीची १९३८ मध्ये आलेली डब्लो तीन रुळांवर चालत असे, कारण वीज मधल्या रुळातून येई. तिची चाके एकमेकांपासून विद्युतदृष्ट्या वेगळी केलेली नसतात, त्यामुळे दोन रुळांवर ठेवताच शॉर्ट होतो. दोन रुळांची डब्लो १९५९ मध्ये आली. चावीची ओ गेज गाडी असेल तर तिला ३२ मिलिमीटरचे रूळ लागतात. अशी वस्तू तिच्या मूळ रुळांसहच घ्यावी आणि तिला पुन्हा रंगवू नये.

१७. रूळ वळवून त्याच रुळाला परत जोडले की शॉर्ट होतो. का?

दोन रुळांच्या पद्धतीत डावा आणि उजवा रूळ विरुद्ध ध्रुवांचे असतात. गाडी फिरून उलट्या दिशेने त्याच मार्गावर आली की डावा रूळ उजव्याला जाऊन मिळतो. वळणाचा एक भाग दोन्ही बाजूंनी, दोन्ही रुळांत फट ठेवून वेगळा करावा. तो पूर्ण गाडीपेक्षा लांब असावा. डीसीसीमध्ये त्या भागाला ध्रुव आपोआप उलटवणारे मॉड्यूल लावावे आणि डीसीमध्ये स्विच.

१८. माझ्या आठवणीतल्या गाड्या वेगवेगळ्या काळांतल्या आहेत. त्या एकत्र चालवल्या तर चूक होईल का?

आपल्या घरात आपल्याला कोणी अडवणार नाही, पण मी काळ ठरवण्याच्या बाजूचा आहे. डेक्कन क्वीन १ जून १९३० रोजी सुरू झाली. २०२२ मध्ये तिला एलएचबी डबे मिळाले. मुंबईत विजेची गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी व्हीटी ते कुर्ला धावली तेव्हा तारेत १५०० व्होल्ट डीसी होते, आणि २५,००० व्होल्ट एसीकडे जाण्याचे काम हार्बर मार्गावर २०१६ मध्ये पूर्ण झाले. डीसीच्या काळात प्रवाह जास्त असल्याने तारा जाड होत्या. एलएचबी डबे, डब्ल्यूसीजी-२ बँकर आणि जाड तारा एकाच फलाटावर आल्या की जाणकाराला तर खटकतेच, पण न जाणणाऱ्यालाही काहीतरी बिनसल्याचे जाणवते.

दोन काळ आवडत असतील तर स्थानक तेच ठेवून बदलता येणाऱ्या वस्तू खिळ्याऐवजी चुंबकावर बसवाव्यात : फलाटावरच्या जाहिराती, नावाची पाटी, हातगाड्या, माणसे. माझ्याकडे अशा दोन पेट्या आहेत. पहिल्या पेटीतल्या वस्तू मांडल्या की डब्ल्यूसीजी-२ मागून येते, दुसरीतल्या मांडल्या की एसी इंजिने येतात. बदलायला चाळीस मिनिटे लागतात. पहिल्या पेटीत फलाटाच्या कल्याणकडील टोकाला उभा करण्यासाठी दोन सेंटीमीटर उंचीचा एक माणूस आहे. त्याने एका लहान मुलाचा हात धरला आहे, आणि दोघेही बँकर ज्या बाजूने येतो तिकडे तोंड करून आहेत.